मत आपलं, मोजणी कुणाची?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या दोन दिवसांच्या शिबिरात, दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे; पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण मतदानाचा जो खेळ खेळलो, त्याचे आकडे या फळ्यावर अजून तसेच आहेत. मी मुद्दामच पुसू दिले नाहीत. ज्या आज सकाळच्या एस्टीने आल्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

काल आपण चाळीस जणी होतो. येत्या वर्षात गटाने मुख्य काम कोणतं घ्यायचं, असा प्रश्न होता. पर्याय तीन: दारूबंदी, पाणी आणि रेशन. चिठ्ठ्या टाकल्या. दारूबंदीला १६, पाण्याला १३, रेशनला ११. दारूबंदी निवडून आली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, पण चोवीस जणींनी दुसरंच मागितलं होतं की!"

मग आपण दुसऱ्यांदा मतदान केलं. या वेळी प्रत्येकीने पहिली पसंती आणि दुसरी पसंती सांगायची होती. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्रासमोर एक रेघ, दोन रेघा मारल्या. पहिल्या पसंतीची मतं आधीच्याइतकीच पडली. रेशन सगळ्यात मागे म्हणून ते बाद केलं आणि त्या ११ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती पाहिली. ९ जणींनी पाणी लिहिलं होतं, २ जणींनी दारूबंदी. पाणी झालं २२, दारूबंदी १८. निवडून आलं पाणी.

तिसऱ्यांदा आपण म्हटलं, एकालाच कशाला निवडायचं? पेरणीचे दोन महिने सोडले तर कामाचे दहा महिने उरतात. ते मतांच्या प्रमाणात वाटू. दारूबंदीला चार महिने, पाण्याला तीन, रेशनलाही तीन.

बायका त्याच. त्यांची मतंही तीच, रात्रीतून कुणाचं मन बदललं नव्हतं. फक्त मोजायची रीत बदलली, आणि निकाल तीन वेगवेगळे लागले.

मला आज या रीतीबद्दलच बोलायचं आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं आपण बायकांच्या राजकीय सहभागाबद्दल बोलतो आहोत. मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, दिल्लीला धरणं धरलं. पण मागणी कायम एकच होती, आरक्षण. किती टक्के, कुणाला, कोट्यात कोटा हवा की नको, यावर आपण आपसात भांडलोही. मतं कशी मोजली जातात, एका मतदारसंघातून किती जण निवडायचे, एका बाईच्या हातात किती मतं असतात, हा विषय मात्र 'तज्ज्ञांचा' म्हणून सोडून दिला. यात मीही आलेच. प्रभागाच्या निवडणुकीत पोळून निघाल्यावर मला हे सुचलं. ती हकिकत पुढे सांगते.

आधी आपली नेहमीची पद्धत. एका मतदारसंघातून एक जण निवडायचा, ज्याला इतरांपेक्षा जास्त मतं तो विजयी. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. पाच-सहा उमेदवार असले तर तीस टक्क्यांवरही माणूस आमदार होतो. उरलेल्या सत्तर टक्क्यांचं काय होतं? काहीच नाही. ती मतं मोजली जातात, वर्तमानपत्रात छापली जातात आणि संपतात. १९८४ साली काँग्रेसला देशात निम्म्याहून थोडी कमी मतं होती, पण लोकसभेत तीन-चतुर्थांशाहून जास्त जागा मिळाल्या. २०१४ साली भाजपला ३१ टक्के मतं होती आणि जागा २८२, म्हणजे स्पष्ट बहुमत. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांच्या वर मतं पडली. मतांच्या हिशेबात तो तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष होता. लोकसभेत त्याची एकही जागा आली नाही. दोन कोटींहून जास्त माणसं मतदान करून घरी गेली आणि संसदेत त्यांच्या मताचा मागमूस उरला नाही. तुमचं त्या पक्षाशी पटतं की नाही हा प्रश्न वेगळा.

हे असं होणार हे संविधान सभेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांची कारणं मुख्यतः दोन. अशा पद्धतीला साक्षर मतदार लागतो आणि आपला मतदार निरक्षर आहे. दुसरं म्हणजे पक्षांचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. फाळणी नुकतीच झाली होती, त्या काळात दुसऱ्या कारणाचं वजन मला समजतं. पहिल्या कारणाचं उत्तर काल रात्री रेघा मारणाऱ्या बायकांनी दिलं आहे. आणि गंमत पाहा, हीच पसंतीक्रमाची पद्धत आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत चालते, राज्यसभेच्या निवडणुकीतही चालते. म्हणजे शिकलेल्यांना आणि आमदारांना दुसरी पसंती सांगायचा हक्क आहे. शेतमजूर बाईला एकच बटण.

आता या पद्धतीचा आणि बाईचा काय संबंध? तिकीटवाटपाच्या बैठकीत जे चालतं ते डोळ्यांसमोर आणा. मतदारसंघ एक, तिकीट एक. पक्ष विचारतो, निवडून कोण येईल? पैसा कुणाकडे, जात कुणाची मोठी, साखर कारखाना कुणाच्या हातात, पोरं कुणाकडे आहेत? या प्रश्नांच्या उत्तरात बाई क्वचितच येते, आणि आली तर बहुधा कुणाची तरी विधवा किंवा लेक म्हणून. प्रत्येक मतदारसंघात हा निर्णय वेगवेगळा होतो, त्यामुळे कुणी एकजण बाईला डावलल्याचा आरोप अंगावर घेत नाही. सगळीकडे 'स्थानिक परिस्थिती' असते. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. २०१९ साली ७८ होत्या. बायका मतदानाला पुरुषांच्या बरोबरीने येतात, आणि तरी हे.

याउलट पक्षाला पन्नास नावांची एकच यादी जाहीर करावी लागली, तर त्यात पन्नास पुरुष लिहायला थोडी तरी लाज वाटते. यादी सगळ्यांसमोर असते. कुणीही मोजू शकतं.

न्यूझीलंडचं उदाहरण यासाठीच सांगण्यासारखं आहे. बायकांना मताचा हक्क देणारा हा पहिला देश, १८९३ सालचा. पण शंभर वर्षांनी, १९९३ च्या निवडणुकीत, ९९ जणांच्या संसदेत बायका होत्या २१. त्यांची पद्धत तेव्हा आपल्यासारखीच होती, इंग्रजांकडून आलेली. १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत जास्त मतं मजूर पक्षाला पडली आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. लोक चिडले. आयोग नेमला गेला, सार्वमत झालं, आणि १९९३ मध्ये सुमारे ५४ टक्के लोकांनी पद्धत बदलायचा कौल दिला. नवीन पद्धतीत प्रत्येक मतदाराला दोन मतं. एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. संसदेत कुणाच्या किती जागा हे पक्षाच्या मतावरून ठरतं. मतदारसंघांतून कमी आल्या तर उरलेल्या पक्षाच्या यादीतून भरायच्या.

१९९६ मध्ये या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. १२० मध्ये बायका ३५. नीट पाहिलं तर मतदारसंघांतून निवडून आलेल्यांत बायका सुमारे १५ टक्के, आणि यादीतून आलेल्यांत सुमारे ४५ टक्के. एकाच दिवशी, त्याच पक्षांनी, त्याच मतदारांसमोर उमेदवार उभे केले होते. समाज एका रात्रीत स्त्रीवादी झाला नव्हता. आरक्षणाचा कायदाही नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेत ६० बायका आणि ५९ पुरुष असे झाले. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा थोडं खाली आलं, पण वीस-पंचवीस टक्क्यांवर परत गेलं नाही.

मी हे सांगते तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "ताई, तो देश केवढा, आपला केवढा!" खरं आहे. म्हणून आता घरचं बोलू.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात आणि मतदाराला तेवढीच मतं असतात. या पद्धतीत जो गट संघटित आहे तो पॅनेल करतो आणि सगळ्या जागा घेऊन जातो. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने गावोगाव बायकांची पूर्ण पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यात विटनेर, यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा. पूर्ण पंचायत बायकांची. तेव्हा ३३ टक्के सोडाच, महाराष्ट्राचं १९९० चं ३० टक्क्यांचं आरक्षणही यायचं होतं. तो विजय बायकांच्या हिमतीचा होता यात शंका नाही. पण मोजणीच्या रीतीनेही त्यांना हात दिला, हे आपण कधी नोंदवलं नाही. संघटित पॅनेलला सगळं मिळतं हा नियम त्यांच्या बाजूने चालला. बाकी हजारो गावांत तोच नियम पाटलाच्या पॅनेलच्या बाजूने चालतो. गावातली चाळीस टक्के घरं एका बाजूला असली तरी त्यांचा एकही सदस्य येत नाही, आणि पॅनेलमधली राखीव जागेवरची बाई ही पॅनेलप्रमुखाने भरलेली असते. तिला सह्यांपुरतं बोलावतात. सरपंचपती हा शब्द काही आकाशातून पडला नाही.

शहरातली गोष्ट माझ्या अंगावरची आहे. आमच्या शहराचं नाव सांगत नाही, कारण असं अनेक शहरांत झालं. २००७ च्या महापालिका निवडणुकीत एका वॉर्डातून एक नगरसेवक अशी पद्धत होती. आमच्या घरकामगार बायकांच्या गटातली एक कार्यकर्ती अपक्ष उभी राहिली. वॉर्डातली प्रत्येक गल्ली तिला माहीत. नळाची रांग, रेशनचं दुकान, शाळेचं गेट, सगळीकडे तिची ओळख. पैसा नव्हता, पण पायी फिरून वॉर्ड पुरा होत होता. साडेतीनशे मतांनी पडली. आम्ही रडलो आणि पुढच्या वेळची तयारी सुरू केली.

२०१२ ला दोन सदस्यांचा प्रभाग झाला, तेव्हा ती आजारपणामुळे उभी राहिली नाही. २०१७ ला राहिली, तर आता चार सदस्यांचा प्रभाग. भाग चौपट झाला. ज्या वस्तीत तिला आक्का म्हणत होते ती आता एका मोठ्या प्रभागाचा कोपरा झाली. पलीकडे नव्या सोसायट्या, तिथला वॉचमन गेटच्या आत सोडेना. मतदाराला चार मतं, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. मोठ्या पक्षांनी चौघांचे फोटो असलेली एकच पत्रकं छापली. चौघांनी खर्च वाटून घेतला, रिक्षा वाटून घेतल्या. आमची बाई एकटी. आम्ही सांगायचो, "ब मध्ये आक्काला द्या." बायका विचारायच्या, "देतो की, पण बाकीची तीन कुणाला द्यायची?" आम्हाला उत्तर नव्हतं. मग त्या पत्रक पाहून चारही एकाच चिन्हाला देऊन यायच्या, कारण गोंधळ नको. निकालात आमची बाई चौथी.

आता यात बारकाई अशी आहे की चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या, आरक्षण शाबूत. महाराष्ट्राने २०११ पासून स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा बायकांना दिल्या, त्यातली एकही कमी झाली नाही. कागदावर बाईचं काहीच गेलं नव्हतं. गेली ती फक्त स्वतःच्या बळावर निवडून येऊ शकणारी बाई. तिच्या जागी पक्षाच्या पॅनेलमधली बाई आली. तीही बाईच आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण ती कुणाला बांधील राहणार? ज्याने तिला पॅनेलमध्ये घेतलं त्याला. आणि या पद्धती कशा बदलतात पाहा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. ज्याच्या हातात राज्य, तो आपल्या सोयीचा प्रभाग पाडतो. सरपंचाचंही तसंच. २०१७ ला थेट गावाने निवडायचा केला, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. यातल्या एकाही बदलाच्या वेळी आपल्यापैकी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. आरक्षणाला हात लागला असता तर आपण रस्त्यावर असतो.

आरक्षित जागेवरचा माणूस कुणाला बांधील, हा प्रश्न आपण नव्याने शोधलेला नाही. दलित चळवळीने तो फार आधी सोसला आहे. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण मतदार संयुक्त झाले. जागा अस्पृश्यांची आणि निकाल ठरवणारी मतं सवर्णांची. म्हणून त्या करारात आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चौघांचं पॅनेल निवडायचं अशी तरतूद होती. पुढे तीही राहिली नाही. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे होते आणि सुमारे पंधरा हजार मतांनी पडले. ज्यांनी संविधान लिहिलं ते राखीव जागेवरून पडतात, तेव्हा जागा राखीव असणं आणि आवाज राखीव असणं यातलं अंतर कळतं. बायकांसाठी वेगळे मतदार असावेत असं माझं म्हणणं नाही. सासू-सून एका घरात आणि नवरा दुसऱ्या यादीत, असं कुणालाच नको. पण आपल्या राखीव वॉर्डातली बाईसुद्धा गावातल्या बलदंड पुरुषांच्या मतावरच निवडून येते, एवढं लक्षात ठेवू.

दुसरा घाव सोडतीचा. राखीव वॉर्ड दर निवडणुकीत फिरतो. बाई पहिली दोन वर्षं फाइल, ठराव, टक्केवारी शिकण्यात घालवते, तिसऱ्या वर्षी तोंड उघडते, पाचव्या वर्षी वॉर्ड खुला होतो आणि तिला सांगतात, "वहिनी, आता भाऊंना उभं राहू द्या." तरीही एक उमेद देणारी गोष्ट सांगते. मुंबई महापालिकेचा अभ्यास रिखिल भवनानी या संशोधकाने केला. १९९७ मध्ये जे वॉर्ड बायकांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याचं प्रमाण कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघालं. तेव्हा मुंबईत एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडायचा होता, आजही आमच्यासारखा चारचा प्रभाग तिथे नाही. एकदा बाईला काम करताना लोकांनी पाहिलं की काही जण पुन्हा निवडतात. मग तिला सलग दोन वेळा का नाही द्यायच्या? तमिळनाडूत पंचायतींच्या राखीव जागा दोन मुदतींसाठी, म्हणजे दहा वर्षं, तशाच राहतात. संविधानात जागा फिरवण्याबद्दल आहे, पण किती वर्षांनी फिरवायच्या हे लिहिलेलं नाही. ते राज्याच्या हातात आहे.

आता मी यादीची फार स्तुती केली, तेव्हा तिचा पोकळपणाही सांगायला हवा, आणि त्यासाठी नेपाळसारखा धडा नाही. आपला शेजारी, आपल्यासारखीच जात, आपल्यासारखीच घरं. २००८ मध्ये राजेशाही गेली आणि संविधान सभेची निवडणूक झाली. ६०१ जागांपैकी २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षांच्या यादीतून, उरलेल्या नेमणुकीच्या. बायका आल्या १९७, म्हणजे एक-तृतीयांश. तेव्हा आपल्या लोकसभेत दहा टक्केही नव्हत्या. पण त्या १९७ पैकी थेट निवडून आलेल्या ३०. बाकी जवळजवळ सगळ्या यादीतल्या. आणि यादीतून कुणाला घ्यायचं हे निकालानंतर पक्षाने ठरवायचं होतं. पुढे २०१५ च्या संविधानाने अट घातली की प्रत्येक पक्षाच्या संसद सदस्यांत किमान तिसरा हिस्सा बायका हव्यात. पक्षांनी काय केलं? थेट जागा पुरुषांना आणि यादीतल्या बायकांना, हिशेब पुरा. २०१७ मध्ये १६५ थेट जागांवर फक्त ६ बायका निवडून आल्या, २०२२ मध्ये ९. यादीत नेत्यांच्या बायका-मेव्हण्या भरल्याच्या तक्रारीही झाल्या. म्हणजे मालक बदलला नाही. गावातल्या पॅनेलप्रमुखाच्या जागी राजधानीतला पक्षाध्यक्ष आला.

पण नेपाळची दुसरी बाजू मला जास्त आवडते. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत कायदा असा होता की प्रमुख आणि उपप्रमुख अशी दोन्ही पदं लढवणाऱ्या पक्षाने त्यातलं एक बाईला द्यायचं. आणि प्रत्येक वॉर्डातल्या पाच जणांत एक बाई आणि त्याखेरीज एक दलित बाई असलीच पाहिजे. साडेसहा हजारांहून जास्त दलित बायका एका निवडणुकीत निवडून आल्या. कोट्यात कोटा म्हटलं की आपल्याकडे बिल फाडलं जातं. तिथे ते वॉर्डाच्या रचनेतच घातलं आणि झालं. ७५३ पालिकांमध्ये सुमारे ७०० उपप्रमुख बायका झाल्या. प्रमुख किती? अठरा. 'दोन्हीतलं एक' म्हटल्यावर खालचं कुणाला मिळणार हे सांगायला नकोच. तरी उपप्रमुख म्हणजे न्यायिक समितीची प्रमुख, म्हणजे मारहाण, पोटगी, वाटणीची भांडणं तिच्यापुढे येतात. बायकांनी ते काम केलं. मग २०२२ आलं. पक्षांनी युती केली, प्रमुखपद एका पक्षाने लढवलं आणि उपप्रमुखपद दुसऱ्याने. दोन्ही पदं एकच पक्ष लढवत नाही, म्हणून अट लागूच नाही. उपप्रमुख बायकांची संख्या घसरली. कायद्याच्या एका वाक्यात फट होती, ती त्यांनी पाच वर्षांत शोधली. आपण असतो तर ती वाक्यं मसुद्याच्या वेळी वाचली असती का?

म्हणून मी २०२३ च्या कायद्याकडे येते. लोकसभा आणि विधानसभांत ३३ टक्के. १९९६ मध्ये पहिलं विधेयक आलं, गीता मुखर्जींच्या समितीने त्याच वर्षी अहवाल दिला, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी ते मंजूर केलं. आपण पेढे वाटले, बरोबर केलं. पण कायद्यात लिहिलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. २०२४ ची निवडणूक त्याच्याविनाच झाली. मोजणीची पद्धत तीच ठेवली, एक जागा एक विजेता. राखीव जागा पुनर्रचनेनंतर फिरणार हेही आहे. राज्यसभा आणि विधान परिषदेत बायकांना काहीच नाही. म्हणजे आपल्या प्रभागातले जे दोन दुखरे भाग मी सांगितले, कुणाच्या मतावर आणि किती काळ, ते दोन्ही मोठ्या आकारात दिल्ली-मुंबईत जाणार आहेत.

पर्याय सुचवलेच गेले नाहीत असंही नाही. १९९९ मध्ये विधी आयोगाने १७० व्या अहवालात म्हटलं होतं की लोकसभेच्या जागा पंचवीस टक्के वाढवाव्यात आणि त्या वाढीव जागा यादी पद्धतीने भराव्यात. मला ती सूचना अजूनही बरी वाटते. पुनर्रचनेच्या निमित्ताने जागा वाढवण्याची भाषा होतेच. वाढायच्या असतील तर त्या यादीच्या असाव्यात, यादी आधी जाहीर व्हावी, निकालानंतर क्रम बदलता येऊ नये, आणि एकाआड एक नाव बाईचं असावं. दलित, आदिवासी, ओबीसी, मुस्लिम बायका कुठल्या क्रमांकावर आहेत हे तेव्हा उघड दिसेल. इथे बसलेल्या काही जणींना हे पटणार नाही हे मला माहीत आहे. यादी म्हणजे पक्षाच्या हाती कोलीत, असं काल रात्री दोघी-तिघी म्हणाल्या. त्यांचं चूक नाही. नेपाळचं उदाहरण मी त्यांच्याच बाजूने सांगितलं आहे. माझा कौल तरी थोडा यादीकडे झुकतो. आज आपल्या तिकिटावर कुणाचा हात आहे? त्याच पक्षाचा. फरक इतकाच की आज ते बंद खोलीत होतं.

दिल्लीचं दूर राहू द्या. दुपारी आपण ठरावाचा मसुदा घेणार आहोत, त्यात मी तीन गोष्टी लिहिल्या आहेत, तिन्ही राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या. एक, राखीव वॉर्ड आणि राखीव सरपंचपद दोन मुदतींसाठी कायम. दुसरी, प्रभागात किती सदस्य हे कायद्यात एकदाच ठरावं, निवडणुकीच्या तोंडावर बदलू नये. तिसरी अशी की जिथे एकाहून जास्त सदस्य निवडायचे तिथे सगळ्या जागा एका पॅनेलला जातील अशी मोजणी बंद करून पसंतीक्रमाने मोजावं, म्हणजे प्रभागातल्या पाव मतदारांनी ठरवलं तर चारातला एक सदस्य त्यांचा येईल. आमच्या आक्काला २०१७ मध्ये जेवढी मतं पडली तेवढ्यांत ती या रीतीने आली असती का, हे मी बसून मोजलं. पहिल्या फेरीत नाही. दुसऱ्या पसंतीची मतं कुठे गेली असती ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ती कुणी विचारलीच नाहीत.

तिसऱ्या मुद्द्यावर वाद होणार. जेवणाआधी मसुद्याच्या प्रती वाटल्या जातील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी एकेकीने बसा आणि वाचून दाखवा. आणि ठरावावर मत घेताना हात वर करायचे की चिठ्ठ्या टाकायच्या, हे अध्यक्षांनी ठरवू नये. ते आधी सगळ्यांना विचारून घ्या.